क्रूझच्या जाहिरातीतून जहाज कुठे गेलं?

प्रश्न असा आहे: जुन्या पोस्टरांवर नुसतं भव्य जहाज दिसायचं, आताच्या जाहिरातींत घसरगुंड्या, बुफे आणि बाल्कनीतलं जोडपं दिसतं. हा बदल कधी आणि का झाला, आणि आजची जाहिरात बघून बुकिंग करणाऱ्याने नेमकं काय तपासावं?

फॅशन बदलली म्हणून चित्र बदललं, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जहाज धक्क्यावरून सुटलं की रिकामी राहिलेली खोली त्या फेरीपुरती कायमची वाया जाते. तो माल उद्या विकता येत नाही. त्यामुळे क्रूझची जाहिरात कायम एकाच कामाला जुंपलेली असते: लोक ज्या भीतीपोटी बुकिंग करत नाहीत, ती भीती चित्रातून काढून टाकायची. भीती बदलली की चित्र बदलतं. म्हणून जाहिरात बघताना तिच्यात काय दिसत नाही, ते आधी शोधावं.

सुरुवातीला तर समुद्रप्रवास मौजेसाठी करावा हेच लोकांना पटत नव्हतं. पी अँड ओ ही टपाल वाहणारी कंपनी. १८४४ मध्ये तिने भूमध्य समुद्राच्या सहलींची जाहिरात केली आणि कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरे या लेखकाला फुकट तिकीट दिलं. त्याने प्रवासवर्णन लिहिलं, कंपनीचं नाव झालं. आजच्या इन्फ्लुएन्सरला फुकट केबिन देण्याची पद्धत इतकी जुनी आहे. पुढे हाम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन जहाजकंपनीच्या आल्बर्ट बॅलिनपुढे अडचण निराळी होती. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला, प्रवासी कमी आणि मोठी जहाजं पडून. त्याने २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह जर्मनीतल्या कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे पाठवलं. सहल जवळपास दोन महिन्यांची होती. बिगरहंगामात रिकामं जहाज उन्हाकडे वळवायचं, ही कल्पना या धंद्याने आजवर सोडलेली नाही.

त्या काळातलं पोस्टर नीट बघा. जहाज पाण्याच्या पातळीवरून, खालून वर बघितल्यासारखं काढलेलं असतं. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक अंगावर येतं, शेजारी इवलीशी होडी किंवा चार पांढरे पक्षी. कसांद्र या चित्रकाराचं ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचं १९३५ चं पोस्टर हा या पद्धतीचा कळस. समुद्र मात्र सपाट, एकही मोठी लाट नाही. तेव्हाची भीती बुडण्याची आणि वाटेत रखडण्याची होती, म्हणून आकार आणि ताकद दाखवायची. प्रवासी धुराडी मोजून जहाजाची ताकद ठरवत, त्यामुळे कंपन्या जास्तीची धुराडीही लावत. ‘टायटॅनिक’चं चौथं धुराडं प्रामुख्याने हवा खेळवण्यासाठी होतं आणि ‘नॉर्मंडी’चं तिसरं निव्वळ देखाव्याचं. जहाजाची रचनाच जाहिरातीसाठी वाकवली गेल्याचं याहून ठसठशीत उदाहरण सापडणार नाही.

दोन महायुद्धांमध्ये क्रूझ हा शब्द दोन टोकांना विकला गेला. एका टोकाला कुनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या ‘लॅकोनिया’ची १९२२-२३ ची पृथ्वीप्रदक्षिणा: महिनोन्महिने वेळ असलेल्या धनिकांसाठी. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातल्या (१९२० ते १९३३) ‘कुठेच न जाणाऱ्या’ सहली. जहाज किनाऱ्याची हद्द ओलांडायचं, बार उघडायचा आणि दोन-चार दिवसांनी तेच बंदर परत. आज मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या ‘हाय सी’ सहली याच घराण्यातल्या. बंदर नाही, जहाज हेच सगळं. जर्मनीत नाझी राजवटीने ‘एकाच वर्गाचं जहाज, सगळे समान’ असं चित्र उभं करून क्रूझचा प्रचारासाठी वापर केला. वर्गभेद नसलेलं जहाज ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते, पण तिची पहिली मोठी जाहिरातबाजी अशा हातांनी झाली, हे विसरू नये.

खरी उलथापालथ १९५८ मध्ये झाली. त्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली. तोवर कुनार्डचं घोषवाक्य होतं की पोचण्याच्या प्रवासातच निम्मी मजा आहे. पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, तेव्हा त्या वाक्याला गिऱ्हाईक उरलं नाही. तिची ‘क्वीन मेरी’ १९६७ मध्ये आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ १९६८ मध्ये सेवेतून गेली. १९६९ मध्ये ‘क्यूई २’ हे नवं जहाज आलं, तेव्हा त्याच कुनार्डने जाहिरातीत म्हटलं, ‘जहाजं फार काळ कंटाळवाणी राहिली’. स्वतःच्या शंभर वर्षांच्या प्रतिमेवर कंपनीने स्वतःच काट मारली. माझ्या मते क्रूझच्या जाहिरातीच्या इतिहासातलं हे सर्वांत धाडसी वाक्य आहे. भीती आता बुडण्याची राहिली नव्हती, कंटाळ्याची होती.

त्याच सुमारास मायामीत नवा धंदा उभा राहिला. १९६६ मध्ये क्नूट क्लोस्टर आणि टेड ॲरिसन या व्यावसायिकांनी ‘सनवर्ड’ हे जहाज बहामाच्या छोट्या सहलींवर लावलं. १९७० मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीचं ‘साँग ऑफ नॉर्वे’ आलं. १९७२ मध्ये ॲरिसनने वेगळं होऊन कार्निव्हल कंपनी काढली. तिचं पहिलं जहाज ‘मार्डी ग्रा’ म्हणजे जुनंच अटलांटिक जहाज, आणि पहिल्याच फेरीत ते मायामीबाहेर वाळूत रुतलं. त्यानंतर तेलाचे भाव भडकले. इंधन वाचवायचं तर जहाज हळू चालवायला हवं आणि बंदरं कमी घ्यायला हवीत. हा तोटा विकायचा कसा? बॉब डिकिन्सन यांच्या विक्री विभागाने त्यालाच ‘फन शिप’ म्हटलं. बंदरं कमी कारण मजा जहाजावरच. समुद्रातले दिवस जास्त म्हणजे कॅसिनो, डिस्को आणि बार जास्त वेळ उघडे. ‘जहाज हेच ठिकाण’ ही आज सगळीकडे ऐकू येणारी भाषा इंधनाच्या बिलातून जन्मली. जहाजावर दारू, जुगार, फोटो आणि सहली यांतून मिळणारं उत्पन्न इतकं महत्त्वाचं ठरलं की तिकीट स्वस्त ठेवणं कंपनीला परवडू लागलं.

१९७७ ते १९८६ चालू राहिलेल्या ‘द लव्ह बोट’ या मालिकेने जे केलं ते कुठल्याही जाहिरातीच्या आवाक्याबाहेरचं होतं. प्रिन्सेस कंपनीचं जहाज आठवड्यातून एकदा घरोघरी दिसू लागलं, आणि त्यात कप्तान, डॉक्टर, बारवाला अशी ओळखीची माणसं. बूट-सूट, टेबलावरचे शिष्टाचार, ‘आपल्यासारख्यांचं तिथे काय काम’ ही मध्यमवर्गाची धास्ती होती. ती मालिकेने घालवली. १९८४ पासून कार्निव्हलने कॅथी ली गिफर्डला टीव्हीवर जहाजभर गात फिरवलं तेही याच वाटेवर. आता चित्रात जहाजाचा बाह्याकार नाही. माणसं, ताटं आणि नाच.

चित्र पुन्हा बदलण्याचं एक कारण निव्वळ बांधकामाचं आहे. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’मध्ये सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या, १९८८ च्या ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’मध्ये कित्येक मजली उघडा मधला चौक आणि काचेच्या लिफ्ट. नंतर खोल्यांना सर्रास बाल्कनी येऊ लागली. तेव्हापासून डेकवरच्या गर्दीची जागा बाल्कनीत कॉफीचा कप घेऊन बसलेल्या एकट्या बाईने घेतली. जहाजावर हजारो माणसं असताना एकटी बाई दाखवायची, कारण आता लोकांना गर्दीची भीती वाटत होती.

याच काळात अमेरिकेत क्रूझची टवाळी होत असे की ती नवविवाहितांची, खादाडांची आणि मरणाच्या दारात टेकलेल्यांची. तरुण गिऱ्हाईक दूर जात होतं. १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर चढाईची भिंत आणि बर्फाचं स्केटिंग आलं, आणि रॉयल कॅरिबियनने ‘गेट आउट देअर’ म्हणत धावणारी, उड्या मारणारी माणसं दाखवली. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ आणून जेवणाची ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल काढून टाकलं. २०२४ च्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वरच्या रंगीत घसरगुंड्या हे त्याच वाटेचं आजचं टोक. गंमत म्हणजे त्याचं सर्वाधिक पसरलेलं चित्र पुन्हा जहाजाचंच होतं, फक्त खालून न काढता वरून.

आकार सांगताना जाहिरातीत ‘अडीच लाख टनांचं जहाज’ म्हणतात. ग्रॉस टनेज हे वजन नसतं. ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याचा उपयोग एकच: टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागा. ‘आयकॉन’चं टनेज २,४८,६६३, खोलीत दोघे धरले तर प्रवासी ५,६१०. भागाकार ४४. पण सोफे आणि वरच्या खाटा भरून ७,६०० प्रवासी घेतले की तोच आकडा ३३ वर येतो. १९७० च्या ‘साँग ऑफ नॉर्वे’चा भागाकार २५ च्या आसपास होता. म्हणजे माणशी जागा वाढली हे खरं, पण शाळांच्या सुट्टीत, मुलं फुकट असलेल्या आठवड्यात, ती बरीच घटते. जहाज शंभर टक्के भरलं म्हणजे प्रत्येक खोलीत दोघे, असं या धंद्यात मोजतात. म्हणून ‘१०५ टक्के भरलेलं’ जहाज ही तिथे रोजची गोष्ट आहे. तिसरा-चौथा फुकट असतो तो त्या रिकाम्या खाटेमुळे, आणि त्याचेही बंदरशुल्क व कर द्यावेच लागतात.

अपघातांनंतर जाहिरात कशी वळते ते २०१२-१३ मध्ये स्पष्ट दिसलं. १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, ३२ जणांचा जीव गेला. पुढल्या वर्षी ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनकक्षात आग लागून वीज गेली आणि चार हजारांवर माणसं तुंबलेल्या शौचालयांसह मेक्सिकोच्या आखातात काही दिवस अडकली. त्याच वर्षी कार्निव्हलने सहल आवडली नाही तर ११० टक्के परतावा देण्याची हमी जाहीर केली. २०१५ मध्ये तिने सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जी जाहिरात दाखवली, तिच्यात अध्यक्ष केनेडींच्या भाषणातला आवाज होता आणि माणूस समुद्राकडे का ओढला जातो, एवढंच. जहाजाचं नाव खराब झालं की समुद्र दाखवायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला रोखलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसांपैकी सातशेवर जणांना करोनाची लागण झाली. मार्चमध्ये अमेरिकेने जहाजं थांबवली. त्यानंतरच्या जाहिरातींत मोकळी हवा आणि रिकामे किनारे वाढले, ते उगाच नव्हे.

आता ‘हरित’ जाहिरातीकडे जरा कडक नजरेने बघा, कारण इथे शब्दांची सर्वांत जास्त कसरत चालते. एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणाऱ्या जहाजातून गंधक आणि काजळी जवळजवळ जात नाही. जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइडही सुमारे पाचवा भाग ते चौथा भाग कमी. इतकं खरं. पण इंजिनात न जळलेला थोडा मिथेन धुराड्यातून निसटतो, आणि वीस वर्षांच्या मुदतीत मोजला तर मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त आहे. ‘स्क्रबर’ (धूर धुणारं यंत्र) ‘लावलेला आहे’ असं लिहिलं असेल तर विचारा की खुल्या पद्धतीचा आहे का; त्यात धूर धुतलेलं पाणी समुद्रातच सोडतात.

आपल्याकडच्या चित्राचा पाया वेगळा आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर विलायतेचं जहाज लागायचं आणि तिथूनच फ्रंटियर मेल सुटायची. ती साहेबाची दुनिया. कोकणच्या माणसाची दुनिया भाऊच्या धक्क्यावर: वळकटी, ट्रंक, डेकवर मिळेल तिथे जागा, आणि बंदर आलं की पडावातून किनारा. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार तिथला. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली, ती आठवण किनाऱ्यावरच्या घरांत अजून आहे. म्हणून मराठी जाहिरातीत ‘बोट’ किंवा ‘आगबोट’ हे शब्द सापडत नाहीत; ‘क्रूझ’ हा परका शब्द वापरतात, कारण त्याला मळमळ चिकटलेली नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आलेल्या जहाजाला ‘आंग्रिया’ हे नाव दिलं, ते आरमाराच्या अभिमानाशी नातं जोडणारं. मला ती जाहिरातीची चांगली समज वाटते. त्यानंतर २०१९ मध्ये जलेश कंपनीचं ‘कर्णिका’ आणि २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ आलं. इथल्या जाहिरातीत जैन जेवण, गुजराती थाळी, हिंदी गाण्यांचे कार्यक्रम पुढे असतात; भीती ‘आपलं खाणं मिळेल का’ ही, म्हणून.

नाव नवं असलं तरी जहाज नवं असेलच असं नाही. ‘कर्णिका’ आणि ‘एम्प्रेस’ ही दोन्ही मूळ १९९० ची, अनेक नावं बदलून आलेली. जुनं म्हणजे वाईट असं नाही. ‘एम्प्रेस’ तर मुळात छोट्या सहलींसाठीच बांधलेलं. पण माहिती हवी. प्रत्येक जहाजाला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो, तो नाव, मालक किंवा झेंडा बदलला तरी बदलत नाही. तो क्रमांक टाकून शोधलं की बांधणीचं वर्ष, आधीची नावं आणि टनेज एका जागी मिळतं.

मग किंमत. ‘फक्त २०,००० पासून’ याचा अर्थ बहुधा माणशी, एका खोलीत दोघे, आतली खिडकी नसलेली खोली, आठवड्याच्या मधल्या दिवशी. आकडे केवळ समजण्यासाठी धरू: दोघांचे ४०,०००. बंदरशुल्क माणशी ३,५०० प्रमाणे ७,०००. सेवाशुल्क माणशी रोज ५०० प्रमाणे दोन रात्रींचे २,०००. झाले ४९,०००. त्यावर १८ टक्के कर धरला तर ८,८२०. एकूण ५७,८२०, म्हणजे छापील आकड्याच्या जवळपास दीडपट, आणि पेयं, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल अजून बाहेर. एकटा प्रवासी असेल तर खोलीचं भाडं दीडपट ते दुप्पट. अमेरिकेतही हेच चालायचं. १९९७ मध्ये फ्लोरिडाच्या महाधिवक्त्याने कंपन्यांना बंदरशुल्क जाहिरातीच्या दरात धरायला लावलं, आणि जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे कर-शुल्कासह दर दाखवणं सुरू झालं. आपण एजंटला एकच वाक्य विचारावं: ‘सगळं धरून दोघांचे किती, ते लेखी द्या.’

‘२ रात्री, ३ दिवस’ हेही तासांत मोजा. शुक्रवारी संध्याकाळी ५ ला सुटून रविवारी सकाळी ९ ला परत म्हणजे ४० तास, त्यातली झोप वजा करा. बंदराचं नाव आणि शहराचं नाव वेगळं असतं: ‘रोम’ म्हणजे चिव्हितावेक्किया, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं शहरासमोरून बंद केली, तरी माहितीपत्रकात व्हेनिस असतं आणि उतरवतात कित्येकदा राव्हेन्नाला. जहाज बंदरात किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं ते बघा. शहरात जाण्या-येण्याचे पाच तास वजा केल्यावर हातात तीन उरत असतील तर ते ठिकाण बघितलं असं म्हणता येणार नाही.

जिथे धक्का नाही तिथे जहाज बाहेर नांगरून छोट्या बोटींनी नेतात, लक्षद्वीपला तसंच. लाटा वाढल्या की उतरणं रद्द, आणि करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीकडे असल्याने बहुधा फक्त त्या बंदराचं शुल्क परत मिळतं. जाहिरातीत समुद्र १८९१ पासून सपाटच आहे.

खोलीचा फोटो रुंद भिंगाने काढलेला असतो, त्यामुळे चौरस मीटर विचारा. १३ ते १७ म्हणजे आपली लहान बेडरूम. ‘सी व्ह्यू’ दिसलं की खिडकीसमोर जीवनरक्षक बोट टांगलेली आहे का ते नकाशावर बघा. ‘गॅरंटी’ दरात खोली कंपनी ठरवते; डिस्कोच्या वर किंवा तरणतलावाच्या डेकखाली आली तर तक्रारीला जागा नसते आणि दोन कुटुंबं वेगवेगळ्या मजल्यांवर जाऊ शकतात. घरात कुणाला बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर खोली घ्या, तिथे हेलकावा सर्वांत कमी. वरच्या पुढच्या टोकाच्या महागड्या बाल्कनीत तो सर्वांत जास्त जाणवतो. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईच्या फेऱ्या तेव्हा थांबतात आणि जहाज चेन्नईकडे नेलं जातं. मेअखेरच्या तारखेवर भरघोस सूट दिसली तर त्या आठवड्याचा हवामान अंदाज आणि रद्द करण्याच्या अटी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.